वैरिणीच्या हातची रॅकेट

ब्लांकाची शेवटची रॅकेट एप्रिलमधल्या एका गुरुवारी गेली. तुकडे वगैरे झाले नाहीत. मी सर्व्हिस केली, तिने बॅकहँड मारला, आणि तडा गेलेल्या कपावर चमचा वाजावा तसा आवाज आला. तिने रॅकेट कानाशी धरली, फ्रेमवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "संपलं."

ब्लांका स्तेइस्कालोवा आमच्या टेनिस क्लबाच्या संघातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. वय चौपन्न, शाळेत गणित शिकवते, आणि तिच्या वर्गात खाली पडलेली पेन्सिल उचलायचीही कुणाची छाती होत नाही. तीस वर्षं ती एकाच जातीच्या रॅकेटने खेळली: जड, लहान तोंडाची, दाट तारांची. कंपनीने ती बनवायची थांबवून बारा वर्षं झाली होती. तेव्हा ब्लांकाने चार घेऊन ठेवल्या होत्या. त्यातली ही चौथी.

मी संघाची कप्तान, म्हणून हे दुखणं माझंही झालं. तिला घेऊन जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक पिसासारखी रॅकेट पुढे केली. "तुमच्या वयाला हलकीच बरी, बाई. तोंड मोठं आहे, बॉल चुकणार नाही."

ब्लांकाने ती हातात घेतली, एकदा फिरवली आणि परत ठेवली. "याने माश्या मारतात," म्हणाली, आणि बाहेर पडली.

गाडीत मी म्हटलं, "आता एकच जागा उरली."

"त्या बाईच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"मग जूनमधल्या सामन्यात कशाने खेळणार? शाळेतल्या फूटपट्टीने?"

ती बाई म्हणजे मिलादा होर्नाकोवा. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत ती आमच्याच क्लबात होती. क्लबच्या अंतिम सामन्यात, तिसऱ्या सेटमध्ये पाच-पाच असताना, ब्लांकाचा एक बॉल तिच्या बाजूला रेषेजवळ पडला. मिलादा म्हणाली, बाहेर. लाल मातीवर बॉलचा ठसा उमटतो, तो बघायला ब्लांका जाळी ओलांडून गेली, तोवर मिलादाने बुटाने माती सारखी केली होती. मिलादा म्हणे, मी जुना ठसा पुसला, तुझा तो पलीकडचा. ब्लांकाने सगळ्या क्लबासमोर तिला चोरटी म्हटलं. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ती ते खाटकाकडे म्हणाली, बेकरीत म्हणाली, पालकांच्या सभेतसुद्धा म्हणाली. मिलादाने क्लब सोडला, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावात गेली, त्यांच्या संघातून खेळू लागली आणि त्यांच्या कोर्टांच्या मागे रॅकेटचं दुकान काढलं. अर्ध्या मोराविया प्रांतातून लोक तिच्याकडे रॅकेट घेऊन येतात. आमच्या गावातून कुणी जात नसे. ब्लांकाला कळलं तर काय, ही धास्ती.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. मिलादा गटिंगच्या, म्हणजे तारा ओढायच्या मशीनपाशी उभी होती, हातात आरी, चष्मा साखळीला लटकलेला. तिने आमच्याकडे पाहिलं आणि हातातली तार पुरी ओढून होईपर्यंत थांबली. मग मला म्हणाली, "यिंद्रा, हिला काय हवंय?"

"तिलाच विचार ना."

"मी हिच्याशी बोलत नाही."

"मीही नाही," ब्लांका म्हणाली. "रॅकेट हवी आहे. विकतेस की पाटी नुसती लावली आहेस?"

मिलादाने हात पुढे केला. ब्लांकाने फुटलेल्या दोन रॅकेटी टेबलावर आपटल्या. मिलादाने त्या तोलल्या, मधोमध एका पट्टीवर ठेवून कुठे झुकतात ते पाहिलं, कागदावर आकडे लिहिले, मग एका यंत्रात अडकवून हेलकावे दिले.

"या दोन्ही एकसारख्या आहेत असं समजून खेळत होतीस?"

"एकसारख्याच आहेत."

"हिचं वजन अकरा ग्रॅम जास्त आहे आणि तेही टोकाकडे. बारा वर्षं दोन वेगळ्या रॅकेटींनी खेळलीस आणि तुला पत्ता नाही. आणि गणित शिकवतेस म्हणे."

ब्लांकाचे कान लाल झाले. तिने बाही खाली ओढली, पण मिलादाने ते पाहिलं होतं.

"कोपर कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही."

"आत पट्टा बांधलायस. चौकशी नाही करत मी. दुखत नसेल तर एक देते, दुखत असेल तर दुसरी देते. खोटं बोललीस तर खोटी रॅकेट मिळेल."

"गेल्या सप्टेंबरपासून," मीच म्हटलं. ब्लांकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गात उभी आहे असं वाटलं.

मिलादाने आत जाऊन तीन रॅकेटी आणल्या. नावं दिसू नयेत म्हणून तिन्हींवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. "चल कोर्टावर. नाव वाचून रॅकेट निवडणाऱ्यांना मी परत पाठवते."

मिलादाचा संघ यंदाच आमच्या श्रेणीत आला होता, त्यामुळे त्या दोघी नऊ वर्षांनी प्रथमच समोरासमोर उभ्या राहिल्या. सराव म्हणावा असं त्यात काही नव्हतं. मिलादा प्रत्येक बॉल ब्लांकाच्या बॅकहँडला, खांद्याच्या उंचीवर टाकत होती, म्हणजे नेमका जिथे कोपराला झटका बसतो तिथे.

"मुद्दाम करतेयस," ब्लांका ओरडली.

"मग काय फुलं टाकू? सामन्यात तुला सगळे हेच करणार. मी तर करणारच."

पहिली हलकी होती, ब्लांकाने ती पाच मिनिटांत बाजूला टाकली. दुसरी तिला आवडली. ताठ होती, बॉल बंदुकीच्या गोळीसारखा सुटत होता. तिसरीने तिने दहा मिनिटं खेळून तोंड वाकडं केलं. "ही क्नेडलीकच्या उकडलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी आहे. बॉल आत रुततो. मला दुसरी दे."

"दुसरी नाही मिळणार."

"म्हणजे?"

"दुसरीने पहिले पाऊण तास तू राणी असशील. मग हात जाईल. पहिली हलकी टाकून दिलीस ते बरोबर, हलक्या रॅकेटने बॉलचा सगळा धक्का हातावर येतो. वजन हवंच, पण ते मुठीकडे हवं, आणि फ्रेम वाकणारी हवी. तिसरीचं वजन जवळपास तुझ्या जुन्या रॅकेटीइतकंच आहे. तारा आतड्याच्या, तेवीस किलोवर ओढलेल्या. बॉल रुततो म्हणतेस तिथेच तर तुझा ताबा आहे. तुला ते कळायला महिना लागेल."

"आणि जूनमध्ये तुझ्याविरुद्ध माझा सामना आहे. मऊ रॅकेट हातात देऊन तू मला पाडायला बघतेस."

मिलादा हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुला पाडायला मला रॅकेट लागत नाही, ब्लांका."

"बरोबर. तुला बूट पुरतो."

मला वाटलं, आता मिलादा हाकलून देणार. ती जाळीपाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "ते शब्द मागे घे. आत्ता, यिंद्रासमोर."

"जे पाहिलं ते पाहिलं."

"तू काहीच पाहिलं नव्हतंस. तू तिथे पोचायच्या आधीच ओरडत होतीस."

पलीकडच्या कोर्टावर कुणीतरी माती ओढत होतं, त्या झाडूचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मिलादा वळली. "तिसरीच्या दोन देते, एकमेकींशी ग्रॅमपर्यंत जुळवून. नको असेल तर जा. पण दुसरी माझ्या दुकानातून तुझ्या हातात जाणार नाही."

ब्लांकाने घेतल्या. आभार मानले नाहीत, आणि मिलादाला त्याची अपेक्षाही नव्हती.

पुढच्याच आठवड्यात ब्लांका दोनपैकी एक घेऊन तिसऱ्याच गावी गेली. तिथल्या माणसाकडून तिने आतड्याच्या तारा कापून टाकल्या, कडक प्लास्टिकच्या तारा सत्तावीस किलोवर ओढून घेतल्या, आणि रॅकेटच्या डोक्यावर शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या.

"तू तिच्यावर विश्वास ठेवलास?" मला म्हणाली. "त्या बाईने मला बरं काही दिलं असेल?"

"वाईट द्यायचं असतं तर तू मागितलेली दुसरीच दिली नसती का?"

जोडीतली दुसरी रॅकेट मात्र तिने आहे तशी ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

जूनमधला सामना वरच्या गावात होता. हरेल तो संघ खालच्या श्रेणीत जाणार. आमचे दोन विजय, त्यांचे दोन, आणि राहिला होता तो ब्लांका आणि मिलादाचा. आमच्याकडे पंच नसतात, आपापल्या बाजूचा बॉल ज्याने त्याने सांगायचा. त्या दिवशी कुंपणाला टेकून तीस-चाळीस जण उभे होते आणि प्रत्येक जण टेनिस बघायला आला होता असं मी म्हणणार नाही.

पहिला बॉल ब्लांकाने मारला आणि त्या आवाजाने मिलादाचं डोकं झटक्यात वर आलं. तिने तो बॉल परतसुद्धा केला नाही. पहिल्यांदा बाजू बदलताना ती ब्लांकाच्या बाकापाशी थांबली.

"गटिंग कुणी केलं?"

"खेळ."

"ओढलंय की फास दिलाय? आणि वर शिसं लावलंयस? मी मुठीकडे आणलेलं वजन तू परत टोकाला नेलंस?"

"विकत घेतलेली वस्तू आहे. मी तिने चूल पेटवीन."

ब्लांकाने पहिला सेट सहा-चार घेतला. फटके असे बसत होते की आमच्या बायका बाकावर उभ्या राहिल्या. दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या गेमला तिने बॅकहँड मारला आणि रॅकेट हातातून सुटता सुटता राहिली. मग प्रत्येक बॅकहँड तिरपा जाऊ लागला. मिलादाने दयामाया दाखवली नाही. एकेक बॉल तिथेच, खांद्याच्या उंचीवर. सहा-एक.

सेट संपल्यावर ब्लांका बाकावर बसली होती, हात मांडीवर, बोटं वळत नव्हती. मी बर्फ शोधत होते. मिलादा आपल्या बाकाकडे न जाता सरळ आमच्याकडे आली.

"दुसरी काढ."

"काय?"

"दुसरी रॅकेट. तुझ्या पिशवीत आहे, मुठीवरून ओळखली मी. तिला हात लावलेला नाहीस. ती काढ."

"तुला माझी काळजी कधीपासून वाटायला लागली?"

"तुझा हात गळून पडला तरी मला झोप लागेल. पण उद्या हे सगळे सांगत फिरणार की मिलादाच्या रॅकेटने हिचा हात गेला. तू तर बेकरीत सांगशील. माझ्या हातचं काम तू खराब केलंस आणि ते घेऊन माझ्याच कोर्टावर उभी आहेस. मला हे चालणार नाही. काढ."

त्यांची कप्तान स्वातावा कुंपणापलीकडून म्हणाली, "मिलादा, इकडे ये. तिला तिचं बघू दे."

मिलादाने तिकडे पाहिलंही नाही. ब्लांकाने बाकावर पडलेल्या रॅकेटकडे पाहिलं. मला वाटलं, ती हट्टाने तीच घेऊन उठणार, आणि तसं झालं असतं तर सामना वीस मिनिटांत संपला असता. मग तिने डाव्या हाताने पिशवीची चेन ओढली.

तिसऱ्या सेटचे पहिले दोन गेम ती हरली. फटके आखूड पडत होते, ती स्वतःवर चिडत होती. मग काहीतरी जुळलं. ती जोर लावायचं सोडून रॅकेटला काम करू देऊ लागली. बॉल कोपऱ्यात जायला लागले, गोळीसारखे नाही, पण जिथे हवे तिथे. मिलादाला ते सगळ्यांआधी कळलं, कारण ती पुढे येऊन अडवायचा प्रयत्न करू लागली आणि ब्लांकाने तिला दोनदा बाजूने चुकवलं. पाच-पाच झालं. शेवटचा बॉल मिलादाने जाळीत मारला. सात-पाच, आमचं.

जाळीपाशी त्यांनी बोटांची टोकं टेकवली. मिलादा म्हणाली, "त्या बिघडवलेल्या रॅकेटच्या तारा कापून आण. आणि शिसं काढ, डाग राहतो."

"बघू," ब्लांका म्हणाली.

तेवढंच. आमच्या बायका तिला मिठ्या मारत होत्या आणि मी पलीकडे बघत होते. स्वातावा मिलादासमोर उभी होती. आवाज चढवला नव्हता, पण सगळं ऐकू येत होतं. "आम्हाला खाली पाठवलंस. स्वतःच्या दुकानाच्या पाटीसाठी." बाकीच्या आपापल्या पिशव्या भरत होत्या. सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र जेवायची पद्धत आहे. मिलादा जेवायला थांबली नाही. दुकानात गेली आणि तिने आतून कडी लावली.

पुढच्या हंगामाच्या त्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. जागा भरली, म्हणाले.

फेब्रुवारीत ब्लांका तारा बदलायला गेली तेव्हा मीही सोबत होते. मिलादाने रॅकेट घेतली, तारा दाबून पाहिल्या, "उशिरा आणलीस," म्हणाली आणि कामाला लागली. ब्लांका भिंतीकडे बघत उभी होती.

"आमच्याकडे दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे," ती एकदम म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. कप्तान मी होते.

"तुझ्या शेजारी बसून कपडे बदलू?" मिलादा म्हणाली. तिने मान वर केली नाही. "त्यापेक्षा मी विणकाम शिकेन."

"मलाही हौस नाही. दोन नंबरला कुणी धड नाही म्हणून विचारलं."

"विचारलंस, झालं."

मशीनने तार ओढली, मिलादाने गाठ मारली आणि उरलेलं टोक कापलं. ब्लांकाने ठरलेले क्राऊन मोजून ठेवले.

मिलादा त्या वर्षी कुठल्याच संघातून खेळली नाही. ऑगस्टमधल्या खुल्या स्पर्धेत दोघींची गाठ पडली आणि मिलादाने ब्लांकाला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. पुढच्या वर्षी ब्लांकाने तिला हरवलं. नमस्कार नाही, चौकशी नाही. ब्लांकाचं कोपर आता दुखत नाही, ते ती कुणाला सांगत नाही. पण आमच्या क्लबात कुणाची रॅकेट गेली, कुणाचा हात भरून आला, की ती वहीतून डोकं वर न काढता सांगते, "वरच्या गावात जा, होर्नाकोवाकडे. बाई वाईट आहे. ती देईल तीच घ्या."