दुष्काळातला पाला

दिवेलागणीला मायाक्का रोज उंबऱ्याला ठेचकाळायची आणि तिची आई काशम्मा रोज ओरडायची, "डोळं कपाळाला गेल्यात का गं?" सहा वर्षांची पोर ती! भिंत चाचपत चुलीपाशी येऊन बसायची.

काशम्मा आणि तिचा नवरा निंगप्पा मंद्रूप सोडून सोलापूरच्या गिरणीत लागले, त्याला तीन वर्षे झाली होती. गावी दुष्काळात काशम्माने कित्येक दिवस नुसता उकडलेला पाला खाऊन काढले होते. तेव्हाच तिने ठरवले, लेकराच्या ताटात पाला म्हणून पडू द्यायचा नाही! नवराबायको भाकरी-आमटी खात. मायाक्काला मात्र पांढराशुभ्र भात आणि चहात बुडवलेला पाव. चाळीतल्या बायांना ती हे मोठ्या तोऱ्याने सांगे. मायेपोटी केलेली चूक कोणाला चूक वाटतच नाही, हे केवढे दुर्दैव!

पुढे पोरीच्या डाव्या डोळ्यात फूल पडले, बुबुळावर पांढरा डाग आला. दृष्ट काढून झाली, ताईत बांधून झाला. अखेर इस्पितळात आयाचे काम करणारी शेजारीण सायराबानू मायलेकींना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली दिली आणि सांगितले, "उजवा वाचेल. डावा गेला."

काशम्मा फरशीवरच बसली. "चाची, म्या काय कमी केलं हिला? सणाचा भात रोज घातला की!"

"निसता भातच घातलास. हिरवं पोटात गेलं न्हाय, तर लेकरांना आधी अंधारात दिसंना हुतं, मग डोळं जात्यात. इस्पितळात लई बघितलीत अशी."

"दूध, फळं आमाला कुटनं परवडायची?"

"माज्या दारचा शेवगा हाय की! त्याचा पाला शेळी खाती, तुजी लेक का न्हाय?"

"दुष्काळातलं खाणं त्ये! लोक हसतील."

"अगं, तवा भाकरी न्हवती म्हणून हाल झालं. त्यात पाल्याचा काय गुन्हा? आन् हसणारं लोक पोरीचा हात धरून चालवणार हायत का?"

काशम्माला हुंदका आवरेना. आपल्याच हाताने आपण लेकीचा डोळा घालवला!

त्या दिवसापासून भाकरीबरोबर कधी शेवग्याचा पाला, कधी अंबाडी, चमचाभर तेलात परतून मायाक्काच्या ताटात येऊ लागली. महिन्याभरात पोर संध्याकाळीही अंगणात खेळू लागली. एके दिवशी तिने आणखी भाजी मागून घेतली आणि विचारले, "अव्वा, लई खाल्ली तर ह्यो डोळाबी येतोय का?"

काशम्माने पदराने डोळे पुसले आणि तिच्या ताटात आणखी एक पळी भाजी वाढली. 

बंधुभगिनींनो, उपासमारीचा राग आपण बिचाऱ्या पाल्यावर काढतो आणि त्याची शिक्षा आपली लेकरे भोगतात. ज्यांच्या ताटात अजून हिरवे पडले नाही, त्यांनी ते आजच वाढावे. उशिरा आलेल्या शहाणपणाने मायाक्काचा एकच डोळा वाचला.