नोरीनचा नंबर

दाताच्या दवाखान्यात आर्डिथ सेडलाचेक अकरा वर्षं स्वागतकक्षात बसत होती. उद्या अमुक वाजता या, असे मेसेज पेशंटना पाठवायचे, आणि त्याआधी नंबर तपासायचा, हे तिचं काम. एका संकेतस्थळावर दहा आकडे टाकले की नंबर लँडलाइन आहे की मोबाइल ते लगेच कळायचं. लँडलाइन निघाला की आर्डिथ नावापुढे लाल खूण करायची आणि त्या माणसाला फोन करायची, कारण त्या नंबरावर पाठवलेला मेसेज कुठेच पोचत नाही.

ऑक्टोबरात तिने रजा घेतली. वडील, एमिल, घरीच शेवटचे दिवस मोजत होते. नेब्रास्कातल्या त्या गावात धान्याच्या कोठारात चाळीस वर्षं काम करताना छातीत गेलेल्या धुळीने त्यांची फुप्फुसं संपली होती. दोन शब्द बोलले तरी धाप लागायची, आणि कान तर केव्हाच गेले होते. रोज सकाळी येणारी नर्स ट्रूडी आर्डिथला बाजूला घेऊन म्हणाली, "बहिणीला बोलवायचं असेल तर आता बोलवा."

बहीण म्हणजे नोरीन. नऊ वर्षांनी धाकटी. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून ऑरेगॉनला गेली ती तिकडचीच झाली. वर्षाकाठी चार दिवस यायची, वडिलांना हसवायची, आर्डिथने भाजलेल्या कोलाचीची, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांची, तारीफ करायची आणि जायची. ती गेल्यावर एमिल आठवडाभर तिचेच किस्से सांगत. एप्रिलमध्ये वडिलांच्या घरातल्या जुन्या फोनवर ती म्हणाली होती की डॅडना चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू, तुझी ओढाताण होते. आर्डिथने फोन आपटला. त्यानंतर दोघींचं बोलणं नव्हतं.

वडिलांच्या डायरीत नोरीनने स्वतःच्या हाताने लिहिलेला एकच नंबर होता. आर्डिथ स्वयंपाकघरात बसली आणि सवयीने तिने तो तपासला. लँडलाइन.

मोबाइल निघाला असता तर तिने काय केलं असतं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. फोन उचलून नंबर फिरवायचा, एवढंच तर काम होतं. तिने मेसेज लिहायला घेतला. चांगला, मन लावून लिहिला: नोरीन, डॅड फार आजारी आहेत. तुझी आठवण काढतात. मिळेल त्या विमानाने ये.

मग तो तिने वडिलांना नेऊन दाखवला. पडद्यावरची अक्षरं मोठी करून, त्यांच्या डोळ्यांसमोर धरून.

दुसऱ्या दिवशी एमिलनी विचारलं, आली का ती? आर्डिथने पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, उत्तर नाही. त्यांच्यासमोरच तिने दुसरा मेसेज पाठवला. तिसऱ्या दिवशी तिसरा. ट्रूडीने विचारलं, फोनच का नाही करत? आर्डिथने सांगितलं की ती कामावर असते, उचलत नाही, मेसेज मात्र वाचते. ट्रूडीने मान डोलावली आणि ऑक्सिजनची नळी नीट केली.

"कामात असेल नोरी," एमिल म्हणाले.

हे ऐकून आर्डिथच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं तिने त्यांचं बेडपॅन उचललं होतं, आणि सबबी मात्र त्या दुसरीसाठी शोधल्या जात होत्या. पुढचे तीन मेसेज तिने त्या रागात पाठवले आणि प्रत्येक त्यांना वाचायला लावला. सातव्या दिवशी तिने फोन पुढे केला तेव्हा त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"पुरे," ते म्हणाले. "आता नको पाठवूस."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आता तरी ते आपल्याकडे वळतील असं आर्डिथला वाटलं होतं. ते कुणाकडेच वळले नाहीत. सूप भरवायला गेली तर ओठ मिटून घेत. गुरुवारी दुपारी ती तळघरात कपडे धूत असताना ते गेले.

मृत्यूचा मेसेजही तिने त्याच नंबरावर पाठवला.

नोरीनला अकरा दिवसांनी एका चुलतभावाकडून कळलं. भाड्याच्या गाडीने ती थेट दारात आली. चेहरा सुजलेला, कोट वेडावाकडा. आर्डिथने फोन पुढे ठेवला. नोरीनने सगळे मेसेज वाचले, पुन्हा वाचले.

"हा घरचा फोन आहे, आर्डी. आमच्या डोंगरात मोबाइल चालत नव्हता तेव्हाचा. यावर मेसेज येतच नाहीत."

"मला काय ठाऊक? नंबर बघून हल्ली कळतं का कुणाला?"

आता ती दवाखान्याचं विचारणार म्हणून आर्डिथ मन घट्ट करून बसली. पण नोरीनला बहीण दवाखान्यात नेमकं काय करते हे माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

"माझीच चूक," नोरीन म्हणाली. "नवा नंबर डायरीत लिहायचा राहिला." मग कॉफीच्या कपाभोवती दोन्ही हात धरून तिने हळूच विचारलं, "शेवटी त्यांनी माझं नाव काढलं का?"

आर्डिथने तिच्याकडे पाहिलं. ते तिचीच वाट बघत होते, हे खरं सांगितलं असतं तर ती मोडून पडली असती. पण तेवढ्याने आर्डिथचं समाधान होणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

नोरीनने मान हलवली. जाताना तिने बहिणीला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली की तू सगळं एकटीने केलंस, तुझे उपकार कसे फेडू? आर्डिथने मिठी मारू दिली.

तेव्हापासून नोरीन दर रविवारी दुपारी फोन करते. डॅडबद्दल काहीतरी सांग म्हणते, आणि आर्डिथ सांगते, कधी खरं, कधी रचलेलं. त्यात नोरीन कुठेच नसते. मध्यंतरी एकदा नोरीन म्हणाली की मी त्यांना सोडून गेले, मग ते मला विसरले तर त्यात नवल काय.

पलीकडे ती उत्तराची वाट बघत थांबली. असं म्हणू नकोस, एवढं म्हणायला आर्डिथला काही लागत नव्हतं.

"हो," ती म्हणाली, आणि हवापाण्याचं विचारलं.