अंगठ्याखालचं बटण

शिवणकाम करून उभं आयुष्य काढलेल्या त्या म्हातारीला डोळे मिटून, हळूहळू झुलत, स्वतःला हरवून टाकता यायचं. आत कुठेतरी उजेड पसरायचा आणि त्या उजेडात तिचा गेलेला नवरा असायचा. दिसायचा नाही, बोलायचा नाही. अंधाऱ्या खोलीत शेजारी कुणी बसलेलं कळतं ना, तसा कळायचा.

लेक म्हणायची, "आई, एकटं राहून डोकं फिरलंय तुझं."

हे मात्र म्हातारीच्या जिव्हारी लागायचं. जाणिवेवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेला अशी माणसं हवी आहेत, हे कानावर येताच ती आपण होऊन गेली. आता यंत्रानंच काय ते सांगावं!

तिथला प्राध्यापक भला माणूस. डोक्यावर तारांची टोपी चढवून त्यानं तिच्या हातात एक बटण दिलं. "आजी, उजेड आला की दाबायचं. एरवी आम्हाला कळणार कसं?"

"अहो, तिथं गेल्यावर हात कुणाचा नि बटण कुणाचं!"

"बघा तर प्रयत्न करून."

शिकली बिचारी. उजेड येताना थोडं मागं रेंगाळायचं, उंबऱ्यावरून बटण दाबायचं. आठवड्यांमागून आठवडे गेले. प्राध्यापक खूश होत गेला आणि म्हातारी उंबऱ्यावरच अडकली. घरीसुद्धा. जरा कुठं फटफटलं की अंगठा हलायचा आणि सगळं विझायचं. अंगठा मुठीत आवळला, फडक्यानं बांधून पाहिला; पण आत कुणीतरी पहारा देत जागंच राहायचं.

शेवटी प्राध्यापकानं लेकीला बोलावून आलेख दाखवला. "नुसते डोळे मिटून बसलं तर असं होत नाही. तुमच्या आई खरं सांगत होत्या."

लेक घरी आल्यावर आईच्या पायाशी बसली.

"चुकलं माझं. आई, एकदा जा ना आत. बाबांना विचार... मी शेवटच्या वेळी आले नाही, म्हणून रागावलेत का?"

"ते बोलत नाहीत गं."

"पण तुला कळेल ना?"

म्हातारीनं डोळे मिटले. झुलायला लागली. दूरवर काहीतरी फिकट उगवलं, अंगठा हलला, अंधार झाला. तरी ती झुलत राहिली, लेकीचा श्वास ऐकत. पूर्वी जायला नि यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा अदमासानं जाऊ दिला.

मग डोळे उघडून लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "नाही गं. मुळीच नाही रागावले."

लेक ओक्साबोक्शी रडली. रडून हलकी झाली आणि नाक पुसत म्हणाली, "उद्या परत जाशील? अजून खूप विचारायचंय."

"जाईन की," म्हातारी म्हणाली.