एसीचं मत

इंटरनेटवरचे पत्ते कोणाला द्यायचे आणि कोणाकडून काढून घ्यायचे, याचे जगभरचे नियम ठरवणारी आमची मंडळी हात वर करून मत देत नाहीत. हुंकार देतात. गोष्ट ऐकताना पोरं 'हं' करतात ना, तसाच. फक्त इथे शिकलेसवरलेले लोक टाय लावून करतात. कोण कोणाच्या बाजूने हे कळू नये म्हणून अध्यक्ष डोळे मिटतात आणि ज्या बाजूचा हुंकार मोठा, ती जिंकते. मी वर्षानुवर्षं या बैठकांना जातेय आणि दर खेपेला कपाळाला हात लावतेय.

या वेळी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. माझी धाकटी बहीण बाळंतपणाचं छोटंसं हॉस्पिटल चालवते. हॉस्पिटलच्या वेबसाइटच्या पत्त्याची मुदत संपत आल्याच्या सूचना नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरच्या मेलवर जात राहिल्या, मुदत उलटली आणि भलत्याच माणसाने तो पत्ता उचलला. आता दिवस भरलेली बाई तिथे फोन नंबर शोधायला गेली की समोर जुगाराचं चाक गरगर फिरतं. धाकटी दाद मागून थकली. पत्ते विकणारे म्हणतात नोंदणीवाल्यांना विचारा, नोंदणीवाले म्हणतात जगाचा नियमच तसा आहे. आणि जगाचा नियम म्हणजे कोण, तर आम्ही! म्हणून मी ठराव आणला: दवाखान्यांचे असे निसटलेले पत्ते मूळ मालकाला परत मिळावेत.

त्यासाठी भांडून भांडून माझा घसा बसला. नेमका हुंकाराच्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना.

धाकटी सभागृहातल्या पडद्यावर दिसत होती. बाहेरून जोडलेल्यांचे माइक बंद ठेवायचे, हाही आमचाच एक दिव्य नियम.

"ठरावाच्या बाजूने?" अध्यक्षांनी डोळे मिटले. बऱ्यापैकी हुंकार आला. माझ्या घशातून नुसती हवा गेली.

"विरोधात?"

आणि छतातला एसी सुरू झाला. हूंऽऽऽ.

"विरोध स्पष्ट आहे," अध्यक्ष डोळे मिटूनच म्हणाले. "ठराव फेटाळला."

ओरडायला आवाज नाही! मी ताडकन उठले आणि भिंतीवरचं बटण दाबलं. विरोध एकदम गप्प झाला. सगळे हसले, अध्यक्षही ओशाळून हसले, आणि पुन्हा विचारायचं ठरलं.

तेवढ्यात पत्ते विकणाऱ्यांचे वकील उभे राहिले. "जरूर विचारा. फक्त नियम यापुढे निसटणाऱ्या पत्त्यांनाच लागू करा. गेले ते गेले. नाहीतर आम्ही सगळे मिळून विरोधात हुंकार देऊ, आणि आमचा आवाज एसीपेक्षा मोठा आहे."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, ठराव तुमचा आहे. ही दुरुस्ती मान्य?"

म्हणजे यापुढे बाकी सगळ्यांचे पत्ते वाचणार आणि जिच्यासाठी मी घसा फोडला तिचा मात्र कायमचा जाणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाही म्हटलं तर कोणालाच काही मिळणार नव्हतं. मी कशीबशी मान हलवली.

"मान हलवलेली नोंदीत धरत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "हुंकार द्या."

मी पडद्याकडे पाहायचं टाळत होते. शेवटी पाहिलं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर ताठ. आवाज अर्थातच येत नव्हता. तरी मला कळलं, ती माझ्याआधीच हुंकार देत होती.

मग मीही दिला. फाटका, घोगरा, जेमतेम ऐकू जाईल एवढा. अध्यक्षांनी एकच नोंदवला.