एकशे चाळिसावे नाणे

मास्तरांनी चाळीस वर्षे जमवलेली एकशे चाळीस चांदीची नाणी संग्रहालयाला दान केली, त्याला तीन महिने होत आले होते. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ते दालनात शिरले आणि दारातच थबकले. पेटीतली नाणी लखलखत होती.

“ओळखू तरी येतायत का, सर?” संचालकांनी हात चोळत विचारले.

“नाही,” मास्तर म्हणाले. संचालकांना ती दाद वाटली.

मास्तरांनी भिंग काढले. पहिले नाणे कडांना धरून दिव्याखाली सावकाश तिरके केले. हात न लागलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. इथे उजेड एकदमच सगळीकडे सांडला, ताटावर सांडावा तसा. भिंगाखाली बारीक ओरखडे दिसले, सगळे एकाच दिशेचे, आणि अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अडकलेली. तीनशे वर्षांत चांदीवर साचलेला निळसर काळा थर कुणीतरी एका दुपारीत उतरवला होता. नाण्यावरच्या राजाचे नाक एकाही शत्रूला कापता आले नव्हते. ते भांड्यांच्या पावडरीने साधले.

“मीच घासली, मास्तर,” दाराशी उभी असलेली सफाईवाली मावशी म्हणाली. “साहेब म्हणाले, मोठे पाहुणे येणार, काळी नाणी बघून काय म्हणतील? मनगट धरलंय माझं.”

“एकदाच घासलीत?”

“छे! दोनदा. पाटीवर तुमचं नाव आहे, म्हणून जरा जास्तच मन लावून.”

मास्तरांचा संताप जितका वाढे तितका त्यांचा आवाज मृदू होई. वर्गातली मुले त्या मृदू आवाजाला टरकून असत.

“मनापासून केलंत,” ते अत्यंत मृदू आवाजात म्हणाले. मावशी खूश झाली. तिने पदराची गाठ सोडली.

“हे एक तेवढं राहिलं बघा. कपाटाच्या फटीत पडलं होतं, आज सापडलं. पावडर संपली, नाहीतर हेही उरकलं असतं.”

नाणे काळेठिक्कर होते. मास्तरांनी ते तिरके केले. पट्टा फिरला.

“हे मला परत द्या.”

“कसं देणार, सर?” संचालक म्हणाले. “दानपत्रात कलम तुमचंच आहे. कुठल्याही कारणाने वस्तू बाहेर जाणार नाही. नकली निघाली तरच दात्याला परत. आमच्या वकिलांना तुम्ही दोन महिने घाम फोडलात त्यापायी!”

“मग आहे तसं मांडा.”

“बाकी सगळी चकचकीत आणि मधेच एक काळं? किडक्या दातासारखं दिसेल. दुपारी घासून टाकू. काय मावशी?”

“घासते की. पावडर आणली की लगेच.”

संचालकांनी तपासणीचा तक्ता पुढे सरकवला. प्रत्येक नाण्यापुढे मास्तरांचा शेरा हवा होता, तळाशी सही. मास्तर बसले. एकशे एकोणचाळीस ओळींत त्यांनी एकच शब्द एकाच वळणात लिहिला: घासलेले.

“वा, केलेल्या कामाची नोंद राहिली,” संचालक डोकावून म्हणाले.

शेवटच्या ओळीवर लेखणी थांबली. मास्तरांनी आयुष्यात खोट्या नाण्याला खरे म्हटले नव्हते, खऱ्याला खोटे तर नाहीच. एका स्नेह्याने ते एकदा केले, तेव्हा मास्तरांनी सतरा पानांचा लेख लिहून त्याला विद्वानांच्या सभेतून उठवले होते आणि पुढे त्याच्या अंत्ययात्रेलाही गेले नव्हते.

त्यांनी लिहिले: नकली. परत करावे. खाली सही केली.

संचालक वाचून चाटच पडले. “तुम्ही फसलात, सर? तुम्ही?”

“हो.”

“ही बातमी बाहेर फुटायला वेळ लागणार नाही हं.”

“फुटू द्या.”

“मला वाटलंच होतं,” मावशी म्हणाली. “खरी चांदी एवढी काळी पडेलच कशी?”

घरी बायकोने दार उघडले. नाण्यांच्या कपाटावर फडके फिरवायला तिला चाळीस वर्षे मनाई होती, त्यामुळे तिला नाण्यांतले बरेच कळत असे.

“अहो, हे कुठून आणलंत?”

“नकली निघालं. परत दिलं त्यांनी.”

तिने नाणे कडांना धरून खिडकीजवळ नेले आणि तिरके केले. मग एकदा नाण्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिले.

“सही केलीत?”

“केली.”

तिने रिकाम्या कपाटाचा खण ओढला, नाणे न पुसता आत ठेवले आणि किल्ली फिरवली.

“हात धुऊन घ्या,” ती म्हणाली. “पान वाढते.”