आता पन्नासच मिनिटं

इस्पितळाच्या शिवणखोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावणाऱ्या मावशींचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. मधे डोंगर, त्यामुळे बसने अख्खी रात्र नि वर अर्धा दिवस मोडायचा. "कंबरेचे टाके ढिले होतात गं आई," तो म्हणायचा, आणि मावशींना ते पटायचं. वडील गेले तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचाही बोल मावशींनी लावला तो रस्त्यालाच.

मग विमान सुरू झालं. पन्नास मिनिटांत इथून तिथे! खोलीतल्या बायकांनी मावशींना चिडवून हैराण केलं. "आता काय बाई, लेक सकाळचा चहा तुमच्याकडे पिऊन कामाला जाईल!" मावशींनी त्याच्यासाठी नवी गादी भरून घेतली.

तो काही आला नाही. आधी ऑफिसात काम निघालं, मग धुकं पडलं, मग सूनबाईला बरं नव्हतं. "मीच येते," मावशी म्हणाल्या, तर म्हणे आम्ही त्या आठवड्यात गावातच नाही. हेच उत्तर तिसऱ्यांदा मिळालं तेव्हा त्यांनी तिकीट काढलं आणि कुणाला कळवलं नाही.

इतकी वर्षं ज्याला दूषणं दिली तो डोंगर विमानातून पालथ्या वाटीएवढा दिसला. तो पाहून त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी खिडकीची झडप खाली ओढली.

दार मुलानेच उघडलं, घरच्या कपड्यांत. आत त्याचे सासूसासरे जेवत होते.

"या, या!" विहीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "आम्ही इथे राहायला येऊन वर्ष झालं, तुमची भेटच नाही. लग्नही यांनी कचेरीत सह्या करून उरकलं."

सुनेने ताट वाढलं. मावशी पहिला घास घेतात तोच विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "इस्पितळात मुख्य नर्स म्हणजे केवढी जबाबदारी! हाताखाली किती जणी आहेत हो?"

मावशींनी मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून भात कालवत होता.

"आहेत बऱ्याच," मावशी म्हणाल्या.

जेवण झाल्यावर तो त्यांना गच्चीत घेऊन गेला. "सांगून तरी यायचंस."

"सांगितलं असतं तर तू गावात नसतास."

त्याचा चेहरा पडला. "एकदा तोंडातून गेलं, आई. मग मागे घेता येईना. ही माणसं वेगळी आहेत गं."

"माणसं चांगली आहेत," मावशी म्हणाल्या. "तुलाच माझी लाज वाटते."

त्याने खिशातला फोन काढला. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट त्याने चटकन काढून दिलं. विमानतळावर गाडी थांबवायला जागा नव्हती, तेव्हा निरोप खिडकीतूनच झाला.

दुसऱ्या दिवशी शिवणखोलीत सगळ्या जणी भोवती जमल्या. "काय मावशी, लगेच परत?"

"राहा म्हणून हात धरून बसला होता हो," मावशी म्हणाल्या. "मीच म्हटलं, रजा नाही."

आणि पुढचं कुणी विचारू नये म्हणून त्यांनी मशीन जोरात चालवायला घेतलं.