मी घसरलो नव्हतो

मी एक जुना स्नायू आहे. घरोघरचं सामान हलवणाऱ्या एका माणसाच्या उजव्या हातात, कोपराच्या खाली, माझं बिऱ्हाड आहे. बोटं मिटायची आणि मिटलेली धरून ठेवायची, हे माझं काम. मित्रांनो, माझ्यावर एक आळ आहे. तो खोटा आहे, आणि ज्याने तो घेतला त्याच्याच हातात मला जन्म काढावा लागतो आहे.

लहानपणी मी पहिल्यांदा मिटलो तो आईच्या बोटाभोवती. मग धाकटा भाऊ झाला आणि आईने थोरल्याला, म्हणजे माझ्या मालकाला, बजावलं, "रस्त्यात त्याचा हात सोडायचा नाही हं." शाळेच्या वाटेवर मी धाकट्याचं मनगट असं आवळायचो की तो कोकलायचा. आईकडे तक्रार मात्र कधी केली नाही बिचाऱ्याने.

पुढे दोघं एकाच धंद्यात पडले. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, एकदा तर एक पियानो. जिन्यात थोरला नेहमी वर आणि धाकटा खाली. वरच्याने धरून ठेवायचं, खालच्याने वळण सांभाळत वाट काढायची. खालच्याचा जीव वरच्याच्या पकडीवर, हे दोघांनाही बोलून दाखवावं लागत नसे. लोक थोरल्याचा हात बघून म्हणत, "हात आहे की पक्कड!" मी फुगून जायचो. फुगण्याचा आमचा स्वभावच आहे.

आता माझ्या पोटातलं गुपित सांगतो, म्हणजे आळ खोटा का ते कळेल. माझ्या आत जाड आणि बारीक दोरे शेजारी शेजारी असतात. जाड दोऱ्यांना आकडे आहेत. ते बारीक दोऱ्यांवरच्या खाचांत अडकले आणि ओढू लागले की मी आखडतो. पण त्या खाचांवर ट्रोपोमायोसिन नावाचं एक लांबलचक प्रथिन आडवं पडलेलं असतं, दाराला अडसर घालावा तसं. त्या अडसरावर पहारेकरी बसतो, तो ट्रोपोनिन. तो कोणाचंही ऐकत नाही. मेंदूचा हुकूम आला की माझ्यातल्या बारीक पिशव्या उघडतात, त्यातून कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिनला जाऊन चिकटतं, आणि मगच तो अडसर बाजूला सरकवतो. हुकूम येत राहतो तोवर पकड. हुकूम थांबला की कॅल्शियम उपसून परत पिशव्यांत भरलं जातं, अडसर जागेवर येतो, आणि बोटं सैल पडतात. धरायचं की सोडायचं, हे मी कधीच ठरवत नाही.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून एक लोखंडी कपाट उतरवत होतो. सकाळचं पहिलंच काम, मी ताजातवाना. धाकटा खालून बोलत होता. तो कायम बोलायचा, म्हणून तर गिऱ्हाइकं त्यालाच मागत. "त्या हसऱ्याला पाठवा," म्हणत. थोरला ते हसून ऐकायचा आणि घरी आल्यावर जेवायचा नाही.

"दादा, एक सांगू का? रागावू नकोस," धाकटा म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून मी वेगळा धंदा काढतोय. टेम्पो बघून ठेवलाय. गिऱ्हाइकं पण म्हणतात, आम्ही तुझ्याकडेच येणार."

"बरं," थोरला म्हणाला.

दुसऱ्या मजल्याचं वळण आलं. कपाटाचा सगळा भार माझ्यावर होता. खरोखर थकलेला स्नायू आधी थरथरतो, त्याच्या पिशव्या कॅल्शियम सोडायला कुचराई करतात, पकड हळूहळू ढिली पडते. मी थरथरलो नाही. माझ्या पिशव्या काठोकाठ भरलेल्या होत्या. नुसता हुकूम थांबला. अडसर जागेवर आला आणि बोटं उघडली. आरामात उघडली. खालून धाकटा वर बघत होता, त्याने ती उघडताना पाहिली.

कपाट अंगावर आलं आणि धाकट्याचं कंबरेखालचं सगळं गेलं. त्याच्या पायांत माझेच जातभाई आहेत. त्यांचे दोरे शाबूत, आकडे शाबूत, पिशव्या भरलेल्या. पण हुकूम यायचा रस्ताच पाठीत तुटला. ते अजून तयारीत बसले आहेत. त्यांना कोण सांगणार?

"हात घसरला," थोरला सगळ्यांना सांगत सुटला. खापर माझ्यावर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्याला रडताना बघून त्यांनी समजावलं, "स्वतःला दोष देऊ नका. स्नायू थकला की त्यात कॅल्शियम नीट सुटत नाही. मग पकड जाते, माणसाच्या हातात काही राहत नाही." थोरल्याने डोळे पुसले. घरी येऊन आईला म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या, माझ्या हातात कॅल्शियम कमी पडलं."

आईला एवढंच कळलं की कॅल्शियम म्हणजे दूध. घरात दूध पेलाभरच यायचं, आणि ते अंथरुणावरच्या धाकट्याला जायचं. दुसऱ्या दिवसापासून तो पेला थोरल्याला मिळू लागला.

"आई, त्यालाच दे," धाकटा म्हणाला. "हात त्याचा बिघडलाय. माझं काय, मी पडूनच आहे."

थोरला ते दूध प्यायला, साय ओठांना लागेपर्यंत प्यायला. पेला मी धरला होता. रक्तात कॅल्शियम खरंच फार कमी झालं तर हात ढिला पडत नाही, उलट वाकडा होऊन आवळतो, पण हे ओरडून सांगायला मला तोंड नाही.

आता खोटं निभवायचं तर हात बिघडलेला दिसायला हवा. थोरल्याने मला कामावरून काढलं. बादली डाव्या हाताने, दाराची कडी डाव्या हाताने. बसून बसून मी वाळलो. वापर नसला की आम्ही झिजतो, दुधाने भरून येत नाही. आई मात्र माझ्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "माझ्या लेकाची दशा झाली हो."

मग एका सकाळी धाकटा चाकांच्या खुर्चीतून दारापुढच्या फळ्यांच्या उतारावरून खाली निघाला. एक चाक फळीबाहेर गेलं. खाली दगडी पायऱ्या. थोरला दारातच बसला होता. त्याने विचार करायच्या आत हुकूम आला, कॅल्शियम सुटलं, अडसर सरकले, आणि मी खुर्चीचा लोखंडी दांडा पकडला. खुर्चीसकट आख्खा भाऊ एका हातावर. वाळलेला मी, या वेळी खरोखर थरथरत होतो. पण सोडलं नाही.

धाकट्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सोड, दादा. आई बघतेय."

आई दुधाचा पेला घेऊन मागे उभी होती. तिने पेला खाली ठेवला, खुर्ची ओढून घेतली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा थोरल्याच्या तोंडाकडे. तो नजर चुकवून फळी नीट करू लागला. आईने पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "कॅल्शियम कमी पडतं ना तुला? पी. आजपासून त्याला अंघोळीला तूच उचलायचंस."

तेव्हापासून दूध रोज येतं. संपेपर्यंत आई समोरून हलत नाही. ते घशाखाली उतरवताना थोरल्याचे डोळे पाणावतात. मग तो धाकट्याला उचलतो. धाकटा त्याच्या गळ्यात हात टाकतो आणि रोज, न चुकता, कानाशी म्हणतो, "घट्ट धर हं, दादा."

मी पुन्हा भरलो आहे. शेजारी कौतुक करतात, असा भाऊ सात जन्मांत मिळायचा नाही म्हणतात.

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला कामाला लावा, थकलो तर विसावा द्या. आणि एवढी दया करा: जे तुम्ही स्वतः सोडलं, ते घसरलं म्हणून आमच्या माथी मारू नका. थांबा, पाणी तापलेलं दिसतंय. मला हुकूम आला आहे.